हिरवळीखालचा कोळसा, कोळशावरची ओल

ऑगस्ट सरत आला की अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या आग्नेय कोपऱ्यातील टेकड्या वाळून पिवळ्याधमक होतात. या मुलखात वर्षाकाठी जेमतेम तीनशे ते साडेतीनशे मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे आपल्या माणदेशापेक्षाही कमी, आणि त्यातला बराचसा वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला. मैलोन्‌मैल खुरटे गवत, मधूनच एखादे पाइनचे झाड, वाऱ्याने कोरलेले लालसर खडक. पण या पिवळेपणात मध्येच एक हिरवा पट्टा नागमोडी वळणे घेत जाताना दिसतो. कुठे अर्धा मैल रुंद, कुठे नुसता दोरीएवढा. ही टंग नदीची दरी. बिगहॉर्न पर्वतात उगम पावलेली ही नदी वायोमिंगमधून मोंटानात उतरते आणि माइल्स सिटीपाशी यलोस्टोन नदीला मिळते. कडक उन्हाळ्यातही हिरव्या राहणाऱ्या या पट्ट्यात लसूणघास उभा असतो. त्यातल्या काही शेतांना पाटाचे पाणी मिळते. काहींना वरून कोणीच पाणी देत नाही. त्यांना ते खालून मिळते.

या खालून मिळणाऱ्या पाण्याची ही गोष्ट आहे. नदीने हजारो वर्षे आणून टाकलेल्या वाळू-रेतीच्या आणि गाळाच्या थरांत पाणी मुरून बसते. वर बारीक मळी, खाली गोटे-वाळू, त्याखाली कातळ, अशी ही रचना असते. मळीचे कण बारीक असल्यामुळे, दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे पाणी त्यांतून वर चढते आणि लसूणघासाची मुळे काही मीटर खोल जाऊन ते उचलतात. आपल्याकडे नदीकाठच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. मळईची जमीन त्याला ठाऊक असते. पेरणीनंतर पावसाने पाठ फिरवली तरी हे शेत तग धरील, असा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का असतो. मोंटानातील गुराख्यांचाही हिशेब तोच. उन्हाळाभर गुरे टेकड्यांवर चरतात, पण हिवाळ्यात बर्फाखाली गवत दडले की त्यांना दरीत कापून ठेवलेला वाळलेला चारा लागतो. म्हणजे हजारो एकरांचे कुरण असले, तरी ते चालते दरीतल्या शंभर-दोनशे एकरांच्या जिवावर. दरी गेली की टेकड्याही गेल्या, असे हे गणित आहे.

आणि या साऱ्याच्या खाली कोळसा आहे.

पावडर नदी, टंग नदी आणि रोझबड खाडी यांच्या आजूबाजूला पसरलेले हे कोळसाक्षेत्र जगातील मोठ्या साठ्यांपैकी एक आहे. थर जाड, पृष्ठभागाच्या जवळ, आणि गंधकाचे प्रमाण कमी. जमिनीत बोगदे खणण्याची गरज नाही. वरची माती आणि खडक बाजूला सारले की कोळसा उघडा पडतो. १९७१ साली केंद्र सरकारचा जलसिंचन विभाग आणि वीज कंपन्या यांनी मिळून एक अहवाल काढला. त्यात या आणि शेजारच्या राज्यांत मिळून बेचाळीस औष्णिक वीजकेंद्रे उभारता येतील, असे नकाशांसह मांडले होते. पाणी अर्थातच नद्यांचे. हा अहवाल वाचून पहिल्यांदा हादरले ते तिथले गुराखी. हे लोक पर्यावरणवादी वगैरे मुळीच नव्हते. सरकारी हस्तक्षेपाला नाके मुरडणारी, मतदानात बहुधा उजवीकडे झुकणारी ही माणसे. पण १९७२ मध्ये त्यांनी आपली संघटना बांधली. शेजारच्या नॉर्दर्न शायेन या मूलनिवासी जमातीने तर १९७३ मध्ये आपल्या राखीव प्रदेशावरचे कोळशाचे करार रद्द करावेत, अशी मागणी थेट सरकारकडे केली. करार झाले तेव्हा निम्म्याहून अधिक राखीव प्रदेश कोळशासाठी गुंतून पडला होता, हे लोकांना नंतर कळले.

पुढे १९७४ मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पश्चिमेकडील खाणींची जमीन पुन्हा पूर्ववत करता येईल का, हा त्याचा विषय. बऱ्याच ठिकाणी, पुरेसा पाऊस असेल तर, गवत पुन्हा उगवता येईल, असे शास्त्रज्ञांनी सांगितले. जिथे ते शक्य नाही, ते प्रदेश राष्ट्रासाठी बळी दिलेले प्रदेश म्हणून मोकळेपणाने जाहीर करावे लागतील, असा एक बोचरा शब्दप्रयोगही त्या अभ्यासातून चर्चेत आला. मात्र नद्यांच्या मळईबाबत त्यांची भूमिका निराळी होती. टेकडीचा उतार पुन्हा रचता येतो. पण पाणी साठवणारे आणि हळूहळू सोडणारे थर एकदा उपसून विस्कटले की ते पुन्हा तसेच रचणे जवळपास अशक्य, म्हणून या जागा राखाव्यात, असा त्याचा अर्थ होता.

कायदा व्हायला आणखी तीन वर्षे लागली. अमेरिकी काँग्रेसने उघड्या खाणींचे नियमन करणारे विधेयक दोनदा संमत केले आणि राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी दोन्ही वेळा ते अडवले; एकदा १९७४ च्या अखेरीस, पुन्हा १९७५ च्या मे महिन्यात. तेलटंचाईचे दिवस होते. कोळसा महाग होईल, बेकारी वाढेल, ही कारणे दिली गेली. शेवटी ३ ऑगस्ट १९७७ रोजी जिमी कार्टर यांनी त्यावर सही केली. या कायद्यामागे पूर्वेकडील ॲपलाचिया पर्वतातल्या अनर्थांची, विशेषतः १९७२ मध्ये बफेलो क्रीक येथे खाणीच्या गाळाचा बांध फुटून १२५ माणसे दगावल्याची पार्श्वभूमी होती. पण त्यातले मळईचे कलम मात्र पूर्णपणे पश्चिमेचे. ते लागू होते शंभराव्या पश्चिम रेखांशाच्या पलीकडे. हा रेखांश कोणी मनाला येईल तसा निवडलेला नाही. जॉन वेस्ली पॉवेल या भूशास्त्रज्ञाने १८७८ मध्येच दाखवून दिले होते, की साधारण याच रेषेच्या पश्चिमेला पाऊस वीस इंचांखाली जातो आणि सिंचनाशिवाय शेतीचा भरवसा राहत नाही. त्या काळी पॉवेलचे फारसे कोणी ऐकले नाही. शंभर वर्षांनी त्याची रेघ कायद्यात आली.

कलम काय सांगते? थोडक्यात दोन गोष्टी. पहिली, सिंचित किंवा खालून ओल मिळणाऱ्या मळईवरची शेती खाणीमुळे थांबता, खंडित होता किंवा कायमची अशक्य होता कामा नये. दुसरी अधिक महत्त्वाची. खाण मळईत नसून शेजारी असली, तरी त्या मळईला पाणी पुरवणाऱ्या भूपृष्ठावरच्या आणि भूगर्भातल्या पाण्याचे, परिमाणात किंवा गुणवत्तेत, लक्षणीय नुकसान होता कामा नये. म्हणजे नुसते कुंपण घालून ‘हे शेत सोडले’ असे म्हणून भागत नाही. दोन मैलांवरच्या टेकडीत खणलेला खड्डा शेताखालचे पाणी ओढून घेत असेल तर तोही प्रश्न आलाच.

आता खरी मेख इथे आहे. कायद्याने शब्द दिला, पण दरीतली कुठली जमीन मळई आणि कुठली नाही, हे ठरवायचे कसे? नदीकाठी राहतो म्हणून प्रत्येक जण आपले शेत मळई आहे म्हणणार आणि कंपनी म्हणणार, ही तर नुसती डोंगरावरून घरंगळलेली माती. कायद्यात व्याख्या आहे. ओढ्या-नदीने वाहून आणलेला, न घट्टावलेला गाळ हवा. त्यात वाहता प्रवाह हवा. आणि शेतीला पुरेल इतके पाणी, खालून किंवा पुराच्या सिंचनाने, उपलब्ध हवे. उतारावरून पावसाने धुऊन आलेली माती, दरडीचा राडारोडा, वाऱ्याने आणलेली धूळ हे वगळले आहे. व्याख्या वाचायला सोपी. प्रत्यक्ष जमिनीवर मात्र डोंगराचा उतार कुठे संपला आणि नदीचा गाळ कुठे सुरू झाला, हे गवताच्या एकसारख्या गालिच्यावरून दिसत नाही.

म्हणून तपासणी सुरू होते ती भूरूपांपासून. नदी दरीत पायऱ्या पाडते. आज वाहते ती सर्वांत खालची, तिच्या वर जुन्या काळी जिथे वाहत होती ती दुसरी, तिच्याही वर तिसरी. हवाई छायाचित्रे आणि उंचीचे नकाशे घेऊन या पायऱ्या आखल्या जातात. मग खड्डे खणून, भोके पाडून थर पाहिले जातात. नदीने आणलेले गोटे गोल, घासलेले असतात. उतारावरून आलेले खडे टोकदार. हे एखादा जुना विहीर खोदणाराही सांगेल, पण अहवालात ते प्रत्येक भोकाच्या नोंदीसह यावे लागते.

यानंतर पाणी. जमिनीत बारीक नळ्या उतरवून पाण्याची पातळी मोजतात, आणि ती एकदा मोजून भागत नाही. मळईच्या तपासणीसाठी किमान एका संपूर्ण जलवर्षाच्या नोंदी मागितल्या जातात. अमेरिकेत जलवर्ष १ ऑक्टोबरला सुरू होऊन पुढल्या ३० सप्टेंबरला संपते. म्हणजे हिवाळ्याचे गोठण, वसंतात बर्फ वितळून आलेला लोंढा, उन्हाळ्यातली ओढ, सारे त्यात आले पाहिजे. या नोंदींत एक मोठी गमतीची गोष्ट सापडते. भर उन्हाळ्यात नळीतली पातळी दुपारी थोडी उतरते आणि रात्री पुन्हा चढते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सपाट कागदावर ही रेघ करवतीच्या दातांसारखी दिसते. कारण एवढेच, की दिवसा वरची झाडे पाणी पीत असतात आणि सूर्य मावळला की थांबतात. मुळे पाण्यापर्यंत पोचली आहेत याचा याहून सरळ पुरावा कुठला असणार? जमिनीने स्वतःच साक्ष द्यावी, असा हा प्रकार.

वनस्पतीही बोलतात. नदीकाठचा कॉटनवुड, म्हणजे पॉप्लरच्या कुळातला उंच वृक्ष, जिथे ओळीने उभा असतो तिथे पाणी फार खोल नसते. उन्हाळ्याच्या अखेरीस अवरक्त किरणांच्या फिल्मवर विमानातून फोटो काढले की जिवंत, रसरशीत पाने लालभडक दिसतात आणि वाळलेले गवत फिकट. जुलैत सगळेच थोडेफार हिरवे असते, म्हणून फोटो मुद्दाम उशिरा काढायचा. हिरवेपणा टिकला कुठे, ते पाहायचे. आणि शेवटी येतात शेतकऱ्याच्या वह्या. कोणत्या वर्षी किती कापण्या झाल्या, किती टन चारा निघाला, किती गुरे हिवाळ्यात पोसली. तपासणी भूगर्भात सुरू झाली तरी संपते ती गोठ्यात.

नियमांत या मळईच्या ‘आवश्यक जलकार्यां’ची जी व्याख्या आहे, तीत चार क्रिया आहेत. पाणी गोळा करणे, साठवणे, त्याच्या प्रवाहाचे नियमन करणे आणि शेतीला उपयोगी पडेल अशा रीतीने ते उपलब्ध करून देणे. सरकारी भाषा म्हटली की आपल्याला ‘उपरोक्त’ आणि ‘तथापि’ आठवतात. पण या चार क्रियापदांत दरी जिवंत असते म्हणजे नेमके काय करते, हे कोणत्याही निसर्गलेखकापेक्षा नेटके सांगितले आहे असे मला वाटते. खाणीला परवानगी मिळाली तरी ही चारही कामे खाण चालू असताना आणि नंतरही चालू राहिली पाहिजेत, असे बंधन आहे.

हे ऐकून कोणाला वाटेल, की मग तर टंग आणि पावडर नदीच्या खोऱ्यात एक फावडेही चालले नसेल. तसे अजिबात नाही. कायद्यात पळवाटा आहेत, आणि त्या बिळांएवढ्या नव्हे, चांगल्या दारांएवढ्या आहेत. १९७७ च्या आधीच्या वर्षात व्यापारी प्रमाणावर कोळसा काढणाऱ्या, मळईत किंवा मळईला लागून असलेल्या खाणींना सूट मिळाली. शेतीच्या दृष्टीने महत्त्वाचे नसलेले, न विकसलेले कुरण वगळले गेले. आणि तिसरी सूट सर्वांत निसरडी: ज्या शेताची मळई खाणीत जाणार, ती त्या शेताच्या एकूण उत्पन्नाच्या मानाने नगण्य असेल, तर हरकत नाही. नगण्य म्हणजे किती? ज्याच्याकडे दहा हजार एकर आहेत त्याचे वीस एकर नगण्य. ज्याच्याकडे दोनशेच आहेत त्याचे वीस एकर म्हणजे हिवाळा. पुन्हा मोठ्या कंपनीने आजूबाजूची कुरणे आधीच विकत घेतली, तर शेतही तिचेच आणि नगण्य काय तेही तिच्याच हिशेबाने. नियम करणाऱ्याच्या मनात हे नसावे, पण नियमाच्या भाषेत त्याला जागा राहिली.

या सगळ्याची खरी कसोटी लागली ती शेरिडन या वायोमिंगमधल्या गावाजवळ, टंग नदीच्याच काठी. इथली कथा सरळ कंपनी विरुद्ध शेतकरी अशी नाही, म्हणून ती सांगण्यासारखी आहे. दरीतल्या शेताखालचा कोळसा व्हिटनी बेनिफिट्स नावाच्या एका धर्मादाय संस्थेच्या मालकीचा होता. एका स्थानिक बँकमालकाच्या मृत्युपत्रातून निघालेली ही संस्था शेरिडन परिसरातल्या मुलांना उच्च शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज देते. तिने हा कोळसा खाणकामासाठी एका मोठ्या कंपनीला भाडेपट्ट्याने दिला होता. १९७७ चा कायदा आला आणि ती मळई ठरली. खाण बंद, किंबहुना सुरू होण्याआधीच बंद. एकीकडे लसूणघासाचे शेत वाचले, दुसरीकडे गावातल्या पोरांच्या शिक्षणाला जाऊ शकणारा पैसा जमिनीखाली अडकला. कोणाच्या बाजूने उभे राहायचे, सांगा!

संस्था आणि कंपनी न्यायालयात गेली. हा कायदा घटनाबाह्य नाही असा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये दिलेलाच होता. तेव्हा मुद्दा एवढाच उरला, की सरकारने आमची मालमत्ता काढून घेतली, तर तिची किंमत द्या. सरकारचे म्हणणे, आम्ही काही घेतलेले नाही. उलट अशा मालकांना दुसरीकडचा सरकारी कोळसा बदल्यात देण्याची सोय कायद्यातच आहे. ते न्यायालयाला पटले नाही. १९८९ मध्ये सहा कोटी डॉलरहून अधिक भरपाई, शिवाय १९७७ पासूनचे व्याज, असा निकाल झाला आणि १९९१ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. दरी राखायची तर ती फुकट राखता येत नाही, तिची किंमत सर्व करदात्यांनी मिळून द्यायची, असा त्याचा अर्थ. खनिज उद्योगाने या निकालाचा उपयोग ‘पाहा, पर्यावरणाचे लाड किती महागात पडतात’ असे सांगण्यासाठी केला. मला त्यातला वेगळाच भाग लक्षणीय वाटतो. या खटल्यात शेत मळईचे आहे की नाही, यावर फारसा वाद उरलाच नव्हता. तपासणी इतकी पक्की झाली होती, की भांडण फक्त पैशाचे राहिले.

खाणी चालल्या तिथे पुढे काय झाले, हेही पाहायला हवे. या क्षेत्रात एक विचित्र अडचण आहे. कोळशाचा थर हाच पाण्याचा थर आहे. भेगाळलेल्या कोळशातून पाणी वाहते, आणि आजूबाजूच्या गुराख्यांच्या विहिरी त्यातच उतरलेल्या असतात. कोळसा काढून घेतला की त्या जागी दगडमातीचा भराव येतो. त्यात पाणी परत शिरते, पण सावकाश, दशके लागतात. आणि ताज्या फुटलेल्या खडकांतले क्षार विरघळून ते पहिल्यापेक्षा खारट होते. भरावावर गवत उत्तम उगवलेले दाखवता येते, माहितीपत्रकात छापता येते. खालच्या पाण्याचा फोटो निघत नाही. मोंटानाच्या सीमेवरील डेकर खाण २०२१ मध्ये बंद पडली, अमेरिकेचे कोळसा उत्पादन २००८ च्या मानाने निम्म्यावर आले, ओटर खाडीवरच्या मोठ्या नियोजित खाणीचा नाद संबंधित कंपनीने २०१६ मध्ये सोडला. यात कायद्याचा वाटा किती आणि स्वस्त झालेल्या नैसर्गिक वायूचा किती, तर वायूचाच अधिक, हे मान्य करायला हवे. पण बाजार फिरेपर्यंतची चाळीस वर्षे काही दऱ्या शाबूत राहिल्या, त्या या कलमामुळे.

एवढ्या दूरच्या मुलखाची कथा आपण का वाचायची, असे कोणी विचारील. तर त्याने नागपूरहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसावे. वरोरा, भद्रावती, चंद्रपूर. आपल्या राज्याचा कोळसा आहे तोही नदीच्याच खोऱ्यात, आणि त्या क्षेत्राचे नावच वर्धा खोरे. वरोऱ्याला इंग्रजांनी १८७० च्या दशकात खाण काढली ती जमिनीखालची. आज तिथे मुख्यतः वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उघड्या खाणी आहेत, आणि सास्ती, घुग्घुस, निलजई, मुंगोली, पद्मापूर, भटाळी ही नावे नकाशावर पाहिली तर ती वर्धा, पैनगंगा, इरई या नद्यांच्या आसपास घुटमळताना दिसतात. वर कपाशीची काळी जमीन, खाली कामठी वालुकाश्म, त्याखाली बराकर थरातला कोळसा. यातला कामठी वालुकाश्म हा या भागातला उत्तम पाणी धरणारा खडक. कोळशापर्यंत पोचायचे तर तो फोडूनच जावे लागते.

आपल्याकडे पाऊस मोंटानाच्या तिपटीहून अधिक. त्यामुळे तिकडचे कलम उचलून इकडे चिकटवावे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. आपला प्रश्न दुहेरी आहे. उन्हाळ्यात विहिरी आटण्याचा आणि पावसाळ्यात पुराचा. इरईच्या काठी उभे राहिलेले खाणीच्या मातीचे डोंगर पाहिले, की पुराचे पाणी पसरायला जी जागा होती तिथे आता काय आहे, ते वेगळे सांगावे लागत नाही. जुलै २०२२ मध्ये इरई आणि वर्धा यांच्या पुराने चंद्रपूरच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले, तेव्हा या ढिगाऱ्यांकडे पुन्हा एकदा बोटे दाखवली गेली.

आपल्याकडे नियम नाहीत असे मात्र समजू नये. नियम भरपूर आहेत. १९५७ सालच्या कोळसा खाण नियमावलीत खाणीचे तोंड ज्ञात महत्तम पूरपातळीच्या किमान दीड मीटर वर असावे, नदीच्या काठापासून पंधरा मीटरच्या आत परवानगीशिवाय खणू नये, अशी बंधने आली. ती योग्यच आहेत. खाणीत पाणी घुसून कामगार मेल्याच्या दुर्घटना आपण पाहिल्या आहेत. पण नीट वाचले तर या नियमांत धोका आहे तो नदीकडून खाणीला. खाणीकडून नदीच्या दरीला काय, याचे उत्तर शोधायचे तर पर्यावरण परवानगीच्या कागदांकडे वळावे लागते. तिथे दहा किलोमीटर परिघाचा अभ्यास असतो, भूजलाचे प्रकरण असते, सारे असते. आणि पायाभूत मोजमापे साधारणतः एका हंगामाची मागितली जातात. कोणता हंगाम? पावसाळा सोडून कोणताही.

नदीच्या दरीचा अभ्यास, पावसाळा वगळून!

हवेतल्या धुळीच्या मोजणीसाठी हा नियम समजण्यासारखा आहे, कारण पावसात धूळ बसते. पण दरी काय करते, तर पावसाळ्यात पाणी घेते आणि उन्हाळ्यापर्यंत ते पुरवून देते. तिचे कामच दोन हंगामांच्या मधले. एका हंगामात तिला मोजणे म्हणजे सावकाराच्या वहीतले फक्त जमेचे किंवा फक्त नावेचे पान पाहून तो श्रीमंत की कर्जबाजारी ते ठरवणे. तिकडे किमान एक जलवर्ष का मागतात, ते यावरून कळावे.

२०१० च्या सुमारास केंद्रीय पर्यावरण खात्याने ‘गो’ आणि ‘नो-गो’ अशी कोळसाक्षेत्रांची विभागणी केली होती. तपासलेल्या नऊ क्षेत्रांत वर्धा खोरेही होते. निकष होता जंगलाचा. घनदाट वन असेल तर नाही, नसेल तर जा. ताडोबाच्या शेजारच्या लोहारा खाणीला २००९ मध्ये नकार मिळाला तोही वन आणि वाघ यांच्या नावाने, आणि ते चांगलेच झाले. पण वर्धेच्या काठच्या कपाशीच्या शेतात वाघ नसतो. तिथे बीजही नव्हते आणि निकषही नव्हता. खुद्द राज्याचे नद्यांच्या काठाने उद्योगांवर अंतराचे बंधन घालणारे नदी नियमन धोरण २०१५ मध्ये रद्द झाले. पाटबंधारे खात्याच्या निळ्या आणि लाल पूररेषा आहेत. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. त्या पाणी कुठवर चढते ते सांगतात. कुठवर मुरते, ते सांगणारी रेषा अजून कोणी आखलेली नाही.

जमीन संपादनाच्या वेळी तर ही गोष्ट आणखी टोचते. कोळशासाठी जमीन घ्यायची ती १९५७ च्या स्वतंत्र कायद्याने. मोबदला ठरताना विदर्भातला शेतकरी ज्याला ‘ओलिताची’ म्हणतो ती जमीन आणि कोरडवाहू जमीन यांत फरक होतो. ओलिताचा पुरावा कुठला, तर सातबारा. विहीर, बोअर किंवा कालवा नोंदलेला असेल तर ओलीत. मग ज्या शेताला विहीर लागलीच नाही, कारण नदीची ओल खालूनच येते आणि रब्बीचा हरभरा एका पाण्याविनाही निघतो, त्याचे काय? कागदावर ते कोरडवाहू. सर्वांत चांगली जमीन, आणि दर सर्वांत साध्या जमिनीचा. नदीच्या पात्रात उन्हाळी डांगरवाड्या लावणाऱ्या कुटुंबांची तर सातबाऱ्याशी भेटच नाही. मोंटानात ज्या ओलीसाठी कायद्यात स्वतंत्र शब्द आहे, तिला आपल्या तलाठ्याच्या दप्तरात रकाना नाही.

ही ओल मोजणे फार खर्चाचे काम आहे असेही नाही. काही नळ्या, दर आठवड्याला पातळीची नोंद, उन्हाळ्याच्या तोंडाशी घेतलेली उपग्रहाची चित्रे, जी आता आपल्याच अवकाश संस्थेकडे सहज मिळतात, आणि गावातल्या विहिरींची जुनी माहिती. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी राज्यभर आहेतच. त्यांची जाळी खाणीच्या आसपास दाट करायची आणि मोजणी खाण येण्याच्या आधी सुरू करायची. ‘आधी’ हा शब्द महत्त्वाचा. खड्डा पडला, पंप चालू झाले, की पातळी उतरलेलीच असते, आणि मग विहीर खाणीमुळे आटली की शेजाऱ्याच्या बोअरमुळे, हा वाद कोर्टात वीस वर्षे चालू शकतो. आज चंद्रपूर-यवतमाळच्या सीमेवरच्या कितीतरी गावांत तो चहाच्या टपरीवर चालतो.

घुग्घुसपासून जवळच वढ्याला वर्धा आणि पैनगंगा यांचा संगम आहे. तिथल्या काठावर उन्हाळ्यात उभे राहिले तर एका बाजूला काळ्या मातीची शेते आणि दुसऱ्या बाजूला, थोड्या अंतरावर, मातीचे सपाट माथ्याचे डोंगर दिसतात. त्या शेतांपैकी कोणत्या शेताखाली किती फुटांवर पाणी आहे, ते वैशाखात किती उतरते आणि श्रावणात किती चढते, हे त्या शेतकऱ्याला तोंडपाठ असते. परवानगीसाठी अर्ज येतो तेव्हा ही माहिती त्याच्याकडे कोणी मागत नाही. जनसुनावणीत त्याला बोलायला दोन मिनिटे मिळतात, आणि तो बहुतेक वेळा नोकरीविषयी विचारतो.